कोपऱ्यातली खुर्ची : पूर्व क्लेअरमधल्या एका गुरुवारच्या सेशनचं प्रकरण

सलग तीन गुरुवार आजोबा आले नाहीत, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की काहीतरी बिघडलंय. त्याआधी चार महिने ते आमच्या डोळ्यांदेखत बिघडत होतं.

हे टिपण त्या उन्हाळ्याचं आणि पुढच्या हिवाळ्याचं. गाव आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं, पूर्वेकडच्या टेकड्यांत, फीकल आणि टला यांच्या आसपासचं. गावाचं, पबचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, काही खुणाही बदलल्या आहेत. ‘आजोबा’ हे मी माझ्यापुरतं ठेवलेलं नाव. इथे ऐंशीच्या माणसालाही पहिल्या नावानंच हाक मारतात. माझ्या तोंडी ते बसायला वर्ष गेलं, मनात अजून बसलेलं नाही.

पार्श्वभूमी

पब म्हणजे एक लांबट खोली. शिरल्यावर डावीकडे बार, उजवीकडे शेकोटी. तिच्यात टर्फ जळतं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. त्याचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो. शेकोटीपलीकडे भिंतीला लागून एक बाक. दर गुरुवारी साडेनऊला तिथे सेशन, म्हणजे पाटीवर साडेनऊ, प्रत्यक्षात दहाला पाच कमी. आठवड्याच्या दिवशी साडेअकराला बार बंद करायचा असा कायदा, वर ग्लास रिकामे करायला अर्धा तास. एकूण हातात दीड-दोन तास.

सेशन म्हणजे मैफल नव्हे. मंच नाही, निवेदन नाही. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोत्यांकडे पाठ. कुणीतरी एक चाल सुरू करतो, ओळखणारे तिच्यात शिरतात. बहुतेक चालींचे दोन भाग, प्रत्येक भाग ८ बारांचा (हा बार संगीतातला) आणि प्रत्येक दोनदा, असे ३२ बार. रील, म्हणजे जलद नाचाची चाल, असेल तर अशी एक फेरी ३५-४० सेकंदांत संपते. तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी चाल, मग तिसरी, हा झाला एक ‘सेट’. मग गप्पा, घोट, पाऊसपाणी, कुणाची गाय व्याली. चालीचं नाव विचारावं तर निम्म्या वेळा वाजवणाऱ्यालाच आठवत नसतं.

पुष्कळांना वाटतं की पबमधलं हे वाजवणं शेकडो वर्षांचं आहे. चाली जुन्या आहेत, पबचा बाक नवा आहे. पूर्वी हे संगीत घरच्या स्वयंपाकघरात किंवा चार रस्ते मिळतात तिथे, नाचासाठी वाजायचं. १९३५मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. परवान्याशिवाय नाच भरवणं गुन्हा ठरलं आणि त्याच्या आधारानं घरगुती नाचही मोडले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश माणसांना भाड्याच्या खोलीत वाजवायची सोय नव्हती, म्हणून ते कॅम्डन टाउन, केंटिश टाउनकडच्या पबांत जमू लागले. आयर्लंडच्या गावोगावी ही पद्धत रुळली ती १९६०च्या दशकात. हा इतिहास इथे सांगितला, कारण आमच्यातल्या काहींच्या मते पब सोडणं म्हणजे परंपरा सोडणं होतं, आणि आमची निम्मी अडचण तिथेच होती.

दुसरी गोष्ट वाजवण्याच्या धाटणीची. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण परगण्यागणिक वेगळी. डोनेगॉलची फिडल तुटक, धारदार गजाची. स्लायगोची उसळती, मायकल कोलमन यांच्या न्यूयॉर्कला निघालेल्या १९२०च्या दशकातल्या तबकड्यांमुळे घरोघर पोचलेली. पूर्व क्लेअरची संथ, जराशी उदास. १९४६मध्ये सुरू झालेला टला केली बँड (केली म्हणजे नाचाचा मेळावा) इथलाच. त्यातल्या पी. जो हेज यांचे चिरंजीव मार्टिन हेज यांनी ही धाटणी जगभर नेली. आजोबांची फिडल त्याच मातीतली. ते रीलसुद्धा असा वाजवतात की दोन सुरांमधून वारा जावा.

मी लिमरिकला नोकरी करते, गाडीनं चाळीसेक मिनिटांवर. लहानपणी सांगलीला सात वर्षं व्हायोलिन शिकले, आपल्या पद्धतीचं : मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प-सा-प अशा मिळवून. हातात लांब गज आणि मींड. इथे खुर्चीत बसायचं, तारा जी-डी-ए-ई, आणि गज तालाच्या मागे धावतो. ‘रोल’ नावाचा इथला अलंकार घ्या : सूर, त्याला वरच्या सुराचा ओझरता छेद, परत तोच सूर, खालच्या सुराची टिचकी, परत तोच सूर. आपल्या मुरकीचा चुलतभाऊ म्हणा, पण काटेकोर मोजून बसवलेला. पहिल्या वर्षी माझं वाजवणं ऐकून आजोबा म्हणाले, “सूर चांगला आहे तुझा. आता त्यातलं निम्मं काढून टाक.”

अडचण

त्या वसंतात जुन्या मालकानं पब सोडला आणि त्याच्या भाचीनं चालवायला घेतला. बाई कष्टाळू, डोक्यानं तल्लख. जुन्या मालकाला हिशेब नको असायचा, हिला तो हवा होता, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. गावातला पब हिवाळ्यात स्वतःचं वीजबिल भागवेल याची खात्री नसते. वर्ष निघतं ते जून ते ऑगस्टच्या पर्यटकांवर. तिनं गुरुवारच्या सेशनची जाहिरात केली आणि ती लागू पडली.

मेमध्ये आम्ही आठ-नऊ जण वाजवायचो. जुलैत मी एकदा मोजले तर एकवीस. दोन गिटारी, दोघी आपापल्या मतानं स्वरमेळ लावणाऱ्या. तीन बौरॉन. बौरॉन म्हणजे एका बाजूला बकऱ्याचं कातडं ताणलेला डफ, छोट्या दांडीनं वाजवतात. पर्यटकांच्या दुकानात तो सहज मिळतो आणि दुपारी घेतलेला त्याच रात्री सेशनला येतो. भजनात नवख्याच्या हाती टाळ गेले की काय होतं ते ज्यानं ऐकलंय त्याला जास्त सांगायला नको. ते तीन पट करा.

शिवाय एक बॅन्जोवाला मुलगा आणि त्याचे दोन मित्र. विशीतले, स्पर्धांतून तयार झालेले, बोटं विजेसारखी. ते सुरू करत ती चाल आमच्या नेहमीच्या वेगाच्या दीडपट जाई. बॅन्जोचा आवाज फिडलच्या वर सहज चढतो. गर्दी वाढली तशी मालकिणीनं एक माइक आणि भिंतीवर स्पीकर लावला, “मागच्यांना ऐकू जावं म्हणून.”

यात मी कुठे होते? मधोमध. लिमरिकच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच लिहिलं होतं की गुरुवारी या, अस्सल आयरिश संगीत ऐका. आठ जण आले, अगदी बाकाला लागून बसले आणि मनापासून, वेळी-अवेळी टाळ्या वाजवल्या. परत जाताना एक काका म्हणाले, “मस्त होतं, पण ते कोपऱ्यातले आजोबा काहीच वाजवत नव्हते.”

त्यांना जे पहिल्या रात्री दिसलं ते आम्हाला दिसलं नव्हतं. आजोबा आता बाकाच्या टोकाला, खिडकीपाशी बसत. फिडल मांडीवर, गज फिडलवर आडवा. एखाद्या सेटमध्ये शिरायचे आणि मध्येच थांबायचे. चाल सुरू करणं तर त्यांनी जूनपासूनच सोडलं होतं. ऑगस्टच्या मध्यापासून ते यायचेच थांबले.

समोर असलेले पर्याय

सेशनमध्ये दोघांना पब पैसे देतो : कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारी एक शाळाशिक्षिका आणि एक बासरीवाला. रक्कम लहान. तिचा अर्थ एवढाच की पाऊस असो, कुणी येवो न येवो, तुम्ही दोघांनी हजर राहायचं. बाकीचे हौसेनं येतात, फार तर पबकडून एक पाइंट किंवा चहा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे दोघं, मालकीण आणि मी शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात बसलो. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की म्हातारा दुखावलाय. पोरांनी त्यांना बाजूला सारलं, मान राखला नाही, म्हणून ते रुसले. जे काही सुचत गेलं ते या समजुतीवर सुचत गेलं.

मालकीण म्हणाली, एक माइक त्यांच्यासमोर ठेवते, सन्मानानं. बासरीवाल्यानं मान हलवली. त्याच्या मते माइक आला की खुर्च्या वळतात. माणसं एकमेकांकडे बघायचं सोडून गर्दीकडे बघू लागतात आणि चुकायला घाबरतात. मला हे तेव्हा फार सोवळं वाटलं होतं. आता पटतं.

दुसरा विचार सहा मैलांवरच्या पबात जायचा. तिथे पर्यटक नाहीत, पण हिवाळ्यात तो आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडतच नाही, आणि आजोबा इथून मैलभरावर राहतात.

शिक्षिका म्हणाली, पब सोडून द्या. माझ्या या स्वयंपाकघरात दर गुरुवारी सात-आठ जण बसू. आधी होतंच की असं. मालकिणीचा चेहरा पडला. पण अडवलं ते बासरीवाल्यानं. तो म्हणाला, “मी अकरा वर्षांचा असताना त्या बाकाच्या टोकाला लेमोनेड घेऊन बसायचो. मला कुणी बोलावलं नव्हतं. घराला दार असतं.” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे झाला असं मी मानते : राहायचं ते पबातच.

नियमांची पाटी लावायचंही निघालं. काही पबांत असते तशी : बौरॉन एका वेळी एकच, आधी ऐका, मग वाजवा. शिक्षिकेला ती पसंत नव्हती. ज्याला पाटीची गरज असते तो तिच्याकडे पाठ करूनच बसतो, असं तिचं म्हणणं. मी सुचवलं ते शिकाऊंसाठी वेगळं संथ सेशन. माझा स्वार्थ त्यात उघड होता.

दोन तास झाले, किटली तिसऱ्यांदा चढली. मग मालकिणीनं विचारलं, “त्यांना स्वतःला काय हवंय?” कुणालाच माहीत नव्हतं. चौघांपैकी एकानंही त्यांना विचारलं नव्हतं.

काय केलं

रविवारी प्रार्थनेनंतर बासरीवाला त्यांच्याकडे गेला. रुसवा वगैरे काही नव्हता. त्यांनी कानात यंत्र घातलं होतं, मार्चपासून. शांत खोलीत ते उत्तम चालायचं. पण वीस माणसं, तीन डफ आणि डोक्यावर स्पीकर असला की सगळा आवाज एकत्र लगदा होऊन कानात यायचा, आणि त्यात त्यांची स्वतःची फिडल हरवायची. “मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येत नाही,” ते म्हणाले, “मग दुसऱ्यांनी का ऐकावं?” पोरांबद्दल विचारलं तर म्हणाले, बॅन्जोवाल्याचा हात छान आहे, जरा घाईत असतो एवढंच.

म्हणजे आम्ही मानाची अडचण सोडवायला बसलो होतो आणि अडचण कानाची होती. तिथून सगळंच बदललं. मालकिणीला आता मोजता येईल असं काहीतरी मिळालं होतं आणि त्यात ती आमच्यापेक्षा हुशार निघाली.

तिनं बाक काढला. बाकाचा दोष आमच्या कधी लक्षातच आला नव्हता. तो पहिल्या येणाऱ्याचा असतो, आणि नऊ वाजता येऊन बसणारा बहुधा पाहुणा असतो. शिवाय फिडलवाल्याला उजव्या कोपराला हातभर मोकळी जागा लागते. बाकावर दाटीनं बसलं की गज आखडतो, गज आखडला की सूर ओरबाडला जातो. बाकाच्या जागी तिनं गोल टेबल आणि चर्चच्या सभागृहातून मागून आणलेल्या, हात नसलेल्या सहा लाकडी खुर्च्या मांडल्या. एक खुर्ची थेट कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात. तिथे बसलं की स्वतःच्या वाद्याचा आवाज भिंतीवरून परत येतो. तिनं त्या खुर्चीत बसून मला वाजवायला लावलं, मग मला बसवून शिक्षिकेला वाजवायला लावलं. त्या कोपऱ्यामागे बाटल्यांचा फ्रिज घरघरत होता, तो बारच्या दुसऱ्या टोकाला नेला. स्पीकर उतरवला. माइकचा कार्यक्रम शनिवारी ठेवला, गिटार घेऊन गाणाऱ्या दोघांसाठी.

खुर्च्या सहाच का, यावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी ठरलं की चार ठरलेल्या माणसांच्या आणि दोन जो विचारेल त्याच्या. बाकीचे मागच्या रांगेत स्टुलांवर. पाटी लागली नाही. वाद्याची पेटी घेऊन कुणी बारशी आलं की मालकीण ग्लास भरता भरता म्हणते, “बसायचंय? आधी त्या कॉन्सर्टिनावालीला विचार हं.” बौरॉन एका वेळी एक, हेही तिथेच, हसत हसत.

पैसे घेणाऱ्या दोघांचं कामही बदललं. नुसतं हजर राहायचं नाही, तर पहिला सेट आजोबांचा, त्यांच्या वेगानं, आणि पुढे तासात दोनदा तरी त्यांच्याकडे वळून थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच गप्प बसायचं. नवी चाल सुरू करायला माणसाला शांतता लागते आणि उन्हाळाभर त्या खोलीत ती दहा सेकंदही नव्हती.

माझं संथ सेशन एक आड एक रविवारी चारला सभागृहात सुरू झालं. शिक्षिका चालवते. फोनवर ध्वनिमुद्रण करायला मोकळीक.

काय झालं

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी आजोबा आले. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “ही कुणासाठी?” कुणी उत्तर दिलं नाही, तसे बसले. फिडल हनुवटीखाली नाही, छातीला टेकवून, जुन्या माणसांसारखी. गज मुठीपासून दोन बोटं वर धरलेला. तारा लावायला त्यांना नेहमीच वेळ लागतो. त्या दिवशी जास्तच लागला आणि सगळी खोली तो वेळ थांबली. मग त्यांनी एक जिग, म्हणजे नाचाचीच दुसऱ्या लयीची चाल, सुरू केली. सहा-आठची लय, पण चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. मला ती येत नव्हती. शिक्षिकेला येत होती, बासरीवाल्याला अर्धी. तिसऱ्या फेरीत दुसरा भाग माझ्या बोटांत आला आणि मी हळूच शिरले. त्यांनी मान वर केली नाही, पण चालीची चौथी फेरी घेतली, जी एरवी घेत नाहीत.

हिवाळाभर ते येत राहिले. त्यांच्याकडच्या तीन चाली अशा निघाल्या की आमच्यापैकी कुणी ऐकलेल्या नव्हत्या. फेब्रुवारीत एकदा घोटाळा झाला. रस्त्याला दिवे नाहीत, फूटपाथ नाही, म्हणून त्यांना गाडीनं आणायच्या पाळ्या लावल्या होत्या. एका गुरुवारी मला वाटलं बासरीवाला आणतोय, त्याला वाटलं मी. आजोबा कोट घालून, फिडलची पेटी गुडघ्यावर घेऊन अकरापर्यंत स्वयंपाकघरात बसून होते. तेव्हापासून पाळ्यांचा कागद बारमागे चिकटवलेला आहे, मालकिणीच्या अक्षरात.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गुरुवारचा गल्ला आदल्या वर्षीपेक्षा कमी आला, असं मालकीण सांगते. शनिवारनं तो बराचसा भरून काढला, पूर्ण नाही. दोन जर्मन पाहुणे मागच्या स्टुलावर बसवल्याबद्दल चिडून गेले. आणि बॅन्जोवाला मुलगा व त्याचे मित्र नोव्हेंबरपासून आले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं तर माझं : एखाद्या लहान खोलीची जाहिरात करण्याआधी त्या खोलीत राहणाऱ्यांना विचारायला हवं होतं. ग्रुपवर मी आता सेशनबद्दल लिहीत नाही, रविवारबद्दल लिहिते. दोन मराठी मुली नियमित येतात, त्यातली एक टिन व्हिसल बरी वाजवू लागलीय.

संथ सेशन उन्हाळ्याच्या आधी सुरू झालं असतं तर ते दुपारचे डफवाले तिकडे गेले असते. माइकबद्दल मालकिणीशी पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं. ‘कसं सांगायचं’ या भिडेपायी चार महिने गेले आणि सांगितलं तेव्हा तिनं एका दुपारी स्पीकर उतरवला.

पण मला सलतं ते त्या मुलाचं. आजोबांना न विचारता आम्ही त्यांचं मन ओळखलं होतं, ते चुकलं. त्यानंतर महिन्याभरात आम्ही अगदी तेच या मुलाच्या बाबतीत केलं. खुर्च्या मांडल्या आणि त्याला आपोआप कळेल असं धरून चाललो. दोन मोकळ्या खुर्च्यांतली एक त्याची असू शकते, हे त्याला कुणी बोललं नाही. आजोबांनी त्याच्या हाताचं कौतुक केलं होतं, तेही आमच्याजवळच राहिलं.

गेल्या महिन्यात तो मला एनिसला, क्लेअरच्या मुख्य शहरात, एका वाद्यांच्या दुकानात भेटला. तारा घ्यायला आला होता. मी ये म्हटलं, आजोबा काय म्हणाले होते तेही सांगितलं, दीड वर्ष उशिरा. तो लाजला. गुरुवारी आता त्याचं इथेच, एनिसला, ठरलेलं असतं म्हणाला. मग विचारलं, हल्ली आजोबा सुरुवात कशानं करतात? मी ती जिग गुणगुणून दाखवली. दुसऱ्या फेरीला त्यानं ती बोटांनी काउंटरवर धरली, त्याच्या वेगानं.